बोर्डाला ओळख करून देताना

बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत कम्प्युटरला जवळजवळ काहीच ठाऊक नसतं. विंडोज अजून कुठे नसते. रॅम जागेवर असते, पण ती किती आहे आणि तिला कसं हाताळायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं. प्रोसेसर जागा होतो आणि जन्मापासून पाठ असलेल्या एकाच पत्त्यावर जातो: चार गिगाबाइटच्या हद्दीपासून सोळा बाइट अलीकडे. त्या पत्त्यामागे मदरबोर्डाच्या कडेला बसलेली आठ पायांची, नखाएवढी एक चिप असते. रॅम मोजा, कीबोर्ड शोधा, पडदा उजळा, आणि मग कोणत्या डिस्कवरून पुढचं वाचायचं ते ठरवा, हे सगळं तीच सांगते. तिला जी डिस्क ओळखता येते तिच्यावरून मशीन सुरू होतं. न ओळखता आलेली डिस्क कितीही वेगवान असली, तरी त्या घटकेला ती तिथे नसल्यासारखीच.

मला हा क्षण फार आवडतो. पुढे मशीनमध्ये एवढे थर चढतात की कोण कुणाचं ऐकतं आहे ते उमगत नाही. इथे मात्र सगळं उघडं असतं. एक लहानसा प्रोग्रॅम, त्याला माहीत असलेल्या मोजक्या गोष्टी, आणि माहीत नसलेल्या अगणित. मशीन जुनं झालं असं आपण म्हणतो, तेव्हा खूपदा त्याचं काही झिजलेलं नसतं. त्याच्यानंतर जन्मलेल्या वस्तूंशी त्याची कुणी ओळख करून दिलेली नसते, एवढंच.

डोंबिवली पूर्वेला, टिळकनगरच्या बाजूला, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर डीटीपीचं काम चालतं. ते करणाऱ्यांना सगळी इमारत काकाच म्हणते. लग्नाच्या पत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पतपेढीचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, निवृत्त शिक्षकांचे कवितासंग्रह हे वर्षभराचं काम. आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाने फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवला आहे, आणि त्या अंकांची पानं कुणीतरी कुठल्यातरी तळमजल्यावर बसून लावतो. ठाणे-डोंबिवली-कल्याण या पट्ट्यात असे तळमजले पुष्कळ होते. आता कमी झाले आहेत.

श्रावणातल्या एका रविवारी काकांनी जिन्यात गाठलं. “अगं, जरा येऊन बघशील का? सकाळी चालू करतो, माझी आंघोळ होते, पूजा होते, तरी त्याचं चक्र फिरतंच आहे.”

“काका, किती वर्षांचा झाला तो? नवीनच घ्या ना.”

“नवीन घेईन गं. पण हे लॉक कुठे लावू?”

लॉक म्हणजे प्रिंटरच्या लांबट, पंचवीस भोकांच्या पोर्टात खोचलेला प्लास्टिकचा ठोकळा. मराठी डीटीपी करणाऱ्यांना तो सांगावा लागत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, अशा सॉफ्टवेअरांवर मराठी अक्षरजुळणीच्या दोन-तीन दशकांचा डोलारा उभा राहिला. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० पासून विंडोजलाही ती येते. पण पेजमेकरला ती येत नव्हती, आणि मराठी पुस्तकं तर पेजमेकरमध्येच लागत होती. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फाँट आले. त्या फाँटात लावलेलं पान दुसऱ्या मशीनवर उघडलं तर ‘आठवणीतले दिवस’ऐवजी कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांचा खच दिसतो. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं त्यांच्यात अडखळतात, आणि मग तीनशे पानांचं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. काकांच्या डिस्कवर वीस वर्षांचे अंक आहेत. त्यातल्या कित्येक लेखकांचं हस्तलिखित आता कुणाकडे नाही, लेखकही नाहीत. त्या पानांना उघडणारी किल्ली त्या ठोकळ्यात, आणि तो ठोकळा ज्या पोर्टात बसतो ते या मदरबोर्डावर. नव्या बोर्डांना मागे असं पोर्ट सहसा नसतंच.

तेव्हा बोर्ड टिकवायचा हे ठरलेलंच होतं. टिकवण्यासारखाही होता. २०१२ मध्ये जुळवून घेतलेलं मशीन. इंटेलच्या एच६१ चिपसेटचा बोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३, आठ जीबी रॅम. कपॅसिटर एकही फुगलेला नाही. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर निवांत, रॅम निम्मी मोकळी, आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली. विंडोज १० फिरत्या हार्डडिस्कवर चालवणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिलं आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी तबकडी एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ घेते. शेकडो लहान फाइली इकडून तिकडून उचलायच्या, तर दर वेळी सुईने जागेवर जायचं आणि तबकडी फिरून येण्याची वाट बघायची. आजचा कामाचा पसारा तबकडीच्या आवाक्याबाहेर गेला आहे, तिचा काही दोष नाही.

माझ्या खणात २५६ जीबीची एक एनव्हीएमई एसएसडी पडून होती. लॅपटॉपमध्ये मोठी बसवली की धाकटी अशीच खणात येते. अनेक घरांत एखादी सापडेल. बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब, च्युइंगगमच्या पट्टीसारखी. एच६१ बोर्डावर तिच्यासाठी खाच नाही, पण काकांच्या मशीनमध्ये पडदा प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालतो, त्यामुळे लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामा होता. काही शे रुपयांचं एक साधं कार्ड मिळतं, ज्यावर म्हणावं असं इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नसतं. एसएसडीचे पाय स्लॉटच्या पायांना जोडून देणारी वाट फक्त. ते कार्ड बसवलं आणि जुन्या हार्डडिस्कवरून विंडोज सुरू केली, तर एसएसडी लगेच दिसली. फाइली ठेवता आल्या, भराभर वाचता आल्या. पण मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर बायोसच्या, म्हणजे त्या आठ पायांच्या चिपेतल्या प्रोग्रॅमच्या, यादीत तिचं नाव नाही.

याचं कारण दोघांच्या जन्मसालात आहे, आणि ते कळल्यावर मी बराच वेळ त्या बोर्डाकडे बघत बसले. एच६१ बाजारात आला २०११ च्या सुरुवातीला. एनव्हीएमई या भाषेचं पहिलं विवरण प्रसिद्ध झालं १ मार्च २०११ रोजी. दोघं एकाच काळातली. पण विवरण म्हणजे कागद. घरगुती मशीनमध्ये बसणारी एनव्हीएमई एसएसडी दुकानात यायला २०१५ उजाडलं. त्याआधीची डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआय, फिरत्या तबकडीला समोर ठेवून आखलेली होती: एक रांग, तिच्यात बत्तीस हुकूम. एनव्हीएमईने पासष्ट हजारांच्या घरात रांगा आणि प्रत्येकीत तितकेच हुकूम, अशी आखणी केली, कारण आता समोर तबकडी नव्हती, एकाच वेळी अनेक बाजूंनी वाचता येणारी फ्लॅश होती. बोर्ड बनला तेव्हा त्याच्या बायोसमध्ये ही भाषा घालण्याचं कुणाला कारणच नव्हतं. २०१५ नंतर कारण होतं, पण तोवर त्या बोर्डासाठी नवा बायोस काढणं कुणाच्याच वहीत नव्हतं.

इथे मला राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. विजेच्या दृष्टीने बोर्ड पूर्ण समर्थ आहे. स्लॉट आहे, त्यातल्या चार वाहिन्या आहेत, त्यांवरून सेकंदाला दोन जीबीपर्यंत माहिती वाहू शकते, आणि विंडोज जागी झाल्यावर ती वाहतेही. उणीव फक्त काही किलोबाइटांच्या एका ड्रायव्हरची. तेवढ्यासाठी धडधाकट बोर्ड, त्याबरोबर प्रोसेसर, त्याबरोबर रॅम, सगळं भंगारात जायचं. समर्थ असूनही केवळ परिचय नाही म्हणून बाद होणं, हे यंत्राच्या बाबतीतही मला सहन होत नाही.

माझ्यासारख्या लोकलने रोज ठाण्याला जाणाऱ्या माणसाला जुन्या-नव्याच्या जुळवणीचा एक मोठा दाखला माहीत असायला हरकत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशाने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारली, पण मुंबईच्या अंगाला डीसीच राहिली. उत्तरेकडून आलेल्या गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलावं लागे. मग दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली; मध्य रेल्वेसाठी भेलने बांधलेली डब्ल्यूसीएएम-३ ही कल्याणच्या शेडमध्ये असत. पत्री पुलावरून जाताना ती रांगेत उभी दिसली की मला उगाच आपलेपणा वाटायचा. वीज बदलण्याच्या जागी तारेचा एक तुकडा निर्जीव ठेवलेला असे. तेवढं अंतर गाडी मिळालेल्या वेगावर कापायची आणि पलीकडे दुसऱ्या विजेवर चालू लागायची. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरची डीसी संपली, मुंबईच्या लोकल पूर्णपणे एसीवर आल्या, आणि ती इंजिनं त्यानंतरही एसीवर धावली. त्यांच्या पोटात मात्र त्यासाठी टनावारी वजनाचा ट्रान्सफॉर्मर होता. आमच्या बोर्डाला एक ग्रॅमही वाढवायचा नव्हता.

काम चिपपासून सुरू होतं. बोर्डाचं स्वतःचं अपडेट साधन बदललेली फाइल सहसा स्वीकारत नाही. सही जुळत नाही म्हणून परत पाठवतं. तो पहारा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभर मशीनांच्या बायोस चिपा पुसल्या होत्या. सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरतो आणि पुढे काहीच नाही, कारण पहिला शब्द सांगणारंच कुणी उरलं नाही. त्या काळच्या दुरुस्तीवाल्यांनी एक धाडसी युक्ती वापरली: तसाच दुसरा बोर्ड चालू करायचा, चालू असतानाच त्याची चिप अलगद उपसायची, मेलेली चिप त्या जागी बसवायची आणि तीत बायोस लिहायचा. आता इतकं धाडस लागत नाही. सीएच३४१ए नावाचा अंगठ्याएवढा प्रोग्रॅमर यूएसबीला लागतो आणि त्याच्या वायरीच्या टोकाचा चिमटा थेट चिपेच्या आठ पायांवर बसतो. मात्र चिप ३.३ व्होल्टची असते, आणि या काळ्या प्रोग्रॅमरच्या काही नगांत डेटाच्या पायांवर पाच व्होल्ट येतात. म्हणून आधी मल्टिमीटर लावून बघायचं. पाच दिसले तर तो नग बाजूला.

मशीनची पिन भिंतीतून काढली. सीएमओएसचा सेल काढला. एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, उरलेली वीज जावी म्हणून बटण दाबून धरलं. चिपेवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय. चिमट्याची लाल तार त्या बाजूला. काका शेजारी स्टुलावर बसून बॅटरी धरत होते. बाहेर पाऊस इतका की पागोळ्यांचा आवाज पंख्याच्या वर चढत होता, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही. बोर्डाच्या स्वतःच्या साधनाने बायोस लिहिताना वीज गेली तर मशीन तिथेच संपतं. प्रोग्रॅमर लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो, म्हणून मला हाच मार्ग बरा वाटतो.

आधी वाचायचं, लिहायचं नंतर. चिप संपूर्ण वाचून एक फाइल करायची, चिमटा काढून पुन्हा बसवून परत वाचायची, आणि दोन्ही फाइलींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, जुळवायचा. एक बिट जरी वेगळा आला तर संपर्क नीट नाही. काही बोर्डांवर नेटवर्कचा मॅक पत्ता, अनुक्रमांक अशा त्या एका नगाच्याच नोंदी याच चिपेत असतात. कंपनीच्या साइटवरची फाइल सरळ लिहिली तर त्या पुसल्या जातात. म्हणून बदल करायचा तो याच चिपेतून वाचलेल्या फाइलीत. मूळ प्रत मी दोन वेगळ्या जागी ठेवली आणि फाइलीच्या नावात बोर्डाचं मॉडेल लिहिलं.

मग ती फाइल यूईएफआयटूलमध्ये उघडली. यूईएफआय म्हणजे बायोसची नवी घडण. निकोलाय श्लेय या प्रोग्रॅमरने लिहिलेलं हे साधन फुकट आहे, त्याचा सोर्स उघडा आहे, आणि त्याच्या जुन्या आवृत्तीतच बदल करता येतात. नवी आवृत्ती फक्त दाखवते. फाइल उघडल्यावर चार मेगाबाइटांच्या त्या एकसंध गोळ्याचं झाड होतं. फांद्या, उपफांद्या, आणि प्रत्येक पानावर एक छोटा प्रोग्रॅम. हा कीबोर्डचा, हा यूएसबीचा, हा साटा डिस्कचा, हा नेटवर्कचा. रोज सकाळी काही सेकंदांत येऊन जाणारी ही मंडळी मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा नावं वाचतानाच मला भरून आलं होतं. एखाद्या नाटकाचा पडदा उघडण्याआधी विंगेत कोण कोण उभं आहे ते दिसावं तसं नव्हे, त्याहून मोठं काही: आपण ज्याला एक वस्तू समजत होतो, ती अनेक माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. आमच्या बोर्डावरचा बायोस अमेरिकन मेगाट्रेंड्सचा. सुब्रमोनियन शंकर आणि पॅट सर्मा यांनी १९८५ मध्ये ही कंपनी अमेरिकेत काढली. चेन्नईतही तिचं काम चालतं. बायोस हे नाव तर आणखी जुनं, गॅरी किल्डॉल यांनी १९७५ च्या सुमारास सीपी/एमसाठी योजलेलं. आयबीएमने १९८१ च्या पीसीबरोबर बायोसचा सगळा मजकूर माहितीपुस्तकात छापून टाकला होता. चिपेत काय आहे ते वाचायला मिळणं, ही तेव्हा साधी गोष्ट होती.

त्या झाडात डीएक्सई नावाची एक फांदी असते, जिच्यावर ड्रायव्हर लागलेले असतात. तिच्यातला शेवटचा ड्रायव्हर शोधायचा आणि त्याच्यामागे एनव्हीएमईचा ड्रायव्हर बसवायचा. राईट क्लिक, ‘इन्सर्ट आफ्टर’, फाइल निवडा. बस. इतकं झालं की नवं नाव यादीच्या तळाशी दिसतं. ज्यांनी हा ड्रायव्हर नव्या बोर्डांच्या बायोसांतून अलग काढला, लहान केला, शेकडो बोर्डांवर चालवून पाहिला आणि कुणीही वापरा म्हणून ठेवून दिला, त्यांतल्या एकाचाही चेहरा मला माहीत नाही. त्यांनी डोंबिवली कधी ऐकलं नसेल. काकांच्या दिवाळी अंकाला त्यांचा हात लागला आहे, हे मात्र खरं.

सेव्ह करण्याआधी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: पॅड फाइली. फांद्यांच्या मधे रिकामी जागा भरायला बायोसमध्ये ठोकळे ठेवलेले असतात, आणि काही मॉड्यूलांना आपल्या नेमक्या जागेवरच राहावं लागतं. नवीन फाइल घुसवताना साधनाने एखादा ठोकळा हलवला, वाढवला किंवा गाळला, तर झाड बरोबर दिसतं आणि बोर्ड मात्र उठत नाही. म्हणून मूळ फाइल आणि बदललेली फाइल दोन खिडक्यांत शेजारी ठेवून वरपासून खालपर्यंत ताडून पाहायची. काका चष्मा वर करून म्हणाले, “म्हणजे प्रूफच की!” ते त्यांना लगेच समजलं, आणि पुढच्या ओळी त्यांनीच वाचून दाखवल्या, मी दुसऱ्या खिडकीत बोट ठेवून हो म्हणत गेले. पॅड फाइली जिथल्या तिथे होत्या.

चिप पुसली, लिहिली, पुन्हा वाचून ताडली. चिमटा काढला, सेल बसवला, पिन लावली. बोर्डाने पहिल्यांदा जरा वेळ घेतला, मग नेहमीचा निळा पडदा आला. बूटच्या यादीत नवं नाव होतं, पण एसएसडीच्या कंपनीचं नव्हे. ‘पाटा एसएस’ असं काहीसं. या पद्धतीने शिकवलेले बोर्ड एनव्हीएमईला अशीच हाक मारतात. जुन्या, रुंद पट्टीच्या केबलच्या डिस्कांचं नाव. ज्या घरात तिच्यासाठी शब्दच नव्हता, तिथे तिला जवळचा एक शब्द मिळाला.

विंडोज नव्याने टाकायची नव्हती, कारण लॉक आणि फाँट पुन्हा बसवण्याची जोखीम काकांना नको होती. पेजमेकरच्या फाइली हार्डडिस्कवरच ठेवल्या आणि विंडोजचा भाग तेवढा एसएसडीवर उतरवला. एनव्हीएमईवरून सुरू व्हायचं तर यूईएफआय पद्धतीनेच व्हावं लागतं, आणि डिस्कची मांडणी त्यासाठी जीपीटी लागते. जुनी मांडणी एमबीआर होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाचं साधन दिलेलं आहे, त्याने मजकूर न पुसता मांडणी बदलते. एसएसडीची क्षमता सेकंदाला तीन जीबीच्या पुढे आहे. दुसऱ्या पिढीच्या आय३ च्या स्लॉटमधून तिची निम्मीच बाहेर येते. निम्मीसुद्धा हार्डडिस्कच्या दहापटीहून जास्त. काकांनी बटण दाबलं आणि हात धुवायला उठले, तेवढ्यात पेजमेकर उघडण्याच्या तयारीत होता. लॉकचा ठोकळा ओळखला गेला. पहिली फाइल त्यांनी २००६ च्या एका अंकाची उघडली, मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत पानं उलटली, आणि मग काही न बोलता चालू अंकाच्या कामाला लागले.

कुणी विचारलं तर मी हे सरसकट करा म्हणत नाही. एच६१ वर साध्या साटा एसएसडीला बायोस बदलावा लागत नाही. तिचा वेग तिथे तीनशे एमबीला अडतो, पण पत्रिका आणि अहवाल लावणाऱ्याला तोही भरपूर. हातात एनव्हीएमई आयती असेल, साटाचे पोर्ट भरलेले असतील, किंवा काकांसारखी मोठी चित्रं असलेली शेकडो पानं रोज उघडायची असतील, तरच हा खटाटोप. ज्याला चिपेला हात लावायचा धीर नाही त्याने लावू नये. ज्याला आहे, त्याने मूळ प्रत घेतल्याशिवाय लावू नये.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या वर्षीच्या दिवाळीच्या आठवडाभर आधी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. काकांचा आय३ त्या दारात उभाही राहू शकत नाही. पुन्हा तेच. आम्ही नेटची केबल काढून ठेवली. मजकूर काकांच्या फोनवर येतो, सूनबाईंच्या लॅपटॉपवर तपासला जातो आणि पेनड्राईव्हवरून या मशीनवर चढतो. छपाईची पीडीएफ तशीच उलट जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम उत्पादकावर पुनर्वापराची जबाबदारी टाकतात, आणि ते योग्यच आहे. पण पुनर्वापर म्हणजे शेवटी बोर्ड फोडून तांबं, सोनं वेगळं करणं. चालत्या बोर्डाचं सर्वांत मोलाचं द्रव्य म्हणजे त्याचं चालणं, आणि ते कुठल्याच भट्टीतून परत मिळत नाही.

आता कल्याण पश्चिमेला स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन आलं आहे. काकांनीच दुकान चालवणाऱ्या ताईंना माझं नाव सांगितलं. बोर्ड जी४१, प्रोसेसर कोअर टू ड्युओ, बायोस जुन्या पद्धतीचा. त्यात यूईएफआयचं झाडच नाही, तर फांदीला ड्रायव्हर कुठे लावणार? अशा बोर्डाला क्लोव्हर चालतं. ते मूळचं साध्या पीसीवर मॅकची सिस्टिम चालवू पाहणाऱ्यांचं साधन. जुना बायोस पेनड्राईव्ह ओळखतो, पेनड्राईव्हवरचं क्लोव्हर यूईएफआयचं वातावरण उभं करतं, एनव्हीएमईचा ड्रायव्हर चढवतं आणि विंडोजला हाक मारतं. स्लॉट पहिल्या पिढीचा, सेकंदाला एक जीबीच्या आतच जाईल. ताईंच्या दुकानात कॉलेजच्या मुलांची येजा, पुढच्या पोर्टात काही खोचलेलं दिसलं की कुणीतरी उपसतंच. म्हणून बोर्डावरच्या यूएसबीच्या पिनांना वायर लावून पेनड्राईव्ह कॅबिनेटच्या आत बांधला आहे. तसाच दुसरा तयार करून, वर चिठ्ठी चिकटवून, ताईंच्या गल्ल्यात ठेवायला दिला. एक मेला तर मी ठाण्याहून परत येईपर्यंत दुकान अडायला नको.